कुरण कोण राखतं? फुलांच्या दरीपासून आर्वीच्या टेकड्यांपर्यंत

(पोस्ट मोठी आहे. पुलगाव, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, सेलूकडच्या मित्रांनी मात्र शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. विषय आपल्याच रानाचा आहे.)

दरवर्षी पावसाळ्यात फेसबुकवर दोन प्रकारचे फोटो हमखास येतात. जुलैमध्ये वृक्षारोपणाचे आणि सप्टेंबरमध्ये कास पठारावरच्या फुलांचे. दोन्हींखाली मजकूर एकच असतो, "निसर्ग वाचवा." पण कासच्या त्या पठारावर उद्या कुणी झाडं लावली, तर तिथली फुलंच संपतील, हे किती जणांच्या लक्षात येतं? उघडं गवताळ रान हा एक वेगळा, पूर्ण निसर्ग आहे. ते अर्धवट राहिलेलं जंगल नाही.

आणि दुसरी गोष्ट. असं रान शेकडो वर्षं टिकलं, ते कुणीतरी राखलं म्हणून टिकलं. कुणी राखलं, आणि त्या राखणाऱ्याला बाहेर काढल्यावर काय झालं, याचा इतिहास आपल्या देशात लिहिलेला आहे. तो आज काढायचं कारण शेवटी सांगतो. आधी तीन गोष्टी.

१) फुलांची दरी

उत्तराखंडात घांगरियाच्या वर पुष्पावती नदीचं खोरं आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधून नदी आणि नदीच्या काठाने पसरलेलं कुरण. १९३१ मध्ये कामेत शिखर चढून परतणारा फ्रँक स्माईथ हा इंग्रज गिर्यारोहक आणि त्याचे साथीदार इथे उतरले. पुढे १९३८ मध्ये त्याने या दरीवर पुस्तक लिहिलं आणि 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे नाव जगभर झालं. ते वाचून जोन मार्गारेट लेग ही बाई वनस्पती गोळा करायला आली. १९३९ मध्ये कड्यावरून घसरून ती तिथेच गेली. तिची समाधी आजही त्या दरीत आहे.

पुस्तकात दरी 'सापडली'. पण ती हरवली होती कुणासाठी? आसपासच्या गावांचे मेंढपाळ उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या घेऊन तिथे जातच होते. स्माईथने पाहिलेली फुलं ही चराई चालू असलेल्या कुरणातली फुलं होती.

१९८२ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद झाली. त्यानंतरच्या वर्षांत पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी झुडपी वनस्पती (तिथले लोक तिला अमेला म्हणतात) दरीत पसरायला लागली. तिच्या सावलीत छोटी फुलझाडं दबतात. वनखात्याला माणसं लावून ती उपटायची मोहीम घ्यावी लागली. चराई बंद झाल्यामुळेच ती पसरली का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. बंदीमुळे औषधी वनस्पतींना फायदा झाला असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. पण एवढं नक्की, की दार लावून घेतलं म्हणजे कुरण जसंच्या तसं राहतं, हा समज तिथे टिकला नाही. जे काम मेंढरं फुकट करत होती का, असा प्रश्न पडला, त्या कामासाठी मजूर लावावे लागले.

२००५ मध्ये दरी जागतिक वारशाच्या यादीत आली. बघायला जायचे तिथले नियम मात्र चांगले आहेत. दिवसा जा, संध्याकाळच्या आत परत या. दरीत मुक्काम नाही, तंबू नाही. राहायचं ते खाली घांगरियात. गर्दीचा भार गावावर पडतो, पण पैसाही गावात राहतो.

२) भरतपूर

हेच १९८२ साल, जागा राजस्थान. भरतपूरचं केवलादेव हे संस्थानिकांचं बदकांच्या शिकारीचं राखीव पाणथळ. पाणी अडवून माणसानेच तयार केलेलं. तिथे गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, म्हशींना बंदी झाली. गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

म्हशी बाहेर काढाव्यात, असं त्या वेळी सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचंही मत होतं. आणि मग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेने, तिथे दहा वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष काय आला? म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांना त्याचा त्रास झाला. ज्या जनावरांना शत्रू समजून हाकललं, ती त्या पाणथळीची माळीण होती.

मला या गोष्टीतला एक भाग फार मोलाचा वाटतो. संस्थेने स्वतःच्या जुन्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष जाहीर केला. विज्ञान असंच चालायला हवं. पण तोवर गोळीबारात माणसं गेली होती, ती परत येणार नव्हती.

३) कास

आता आपल्या महाराष्ट्रात. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर कासचं पठार. खाली काळा पाषाण, वर जांभ्या दगडाचा थर, आणि त्यावर बोटभर माती. पावसात पाणी साचतं, उन्हाळ्यात दगड तापतो. मोठ्या झाडाचं मूळ जायलाच जागा नाही. कोकण-घाटात अशा जागेला सडा म्हणतात. या बोटभर मातीत साडेआठशेच्या आसपास प्रकारच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्यात. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारं दवबिंदू. वायतुरा तर असा, की त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. पठाराजवळच्या कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं.

आसपासच्या गावांची जनावरं या पठारावर चरायची. १ जुलै २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात महाराष्ट्रातल्या चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बातमी आली आणि गर्दी लोटली. फुलांवर बसून फोटो, गाड्या थेट पठारावर, प्लॅस्टिकचा खच. मग पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण झालं. माणसांसाठी घातलेल्या कुंपणाने जनावरंही अडली.

काही वर्षांनी गावकरी आणि वनस्पतींचे अभ्यासक एकच गोष्ट बोलू लागले. गवत उंच वाढतंय, फुलं विरळ होतायत. जनावरांच्या तोंडाने गवत आखूड राहायचं, खुरांनी माती हलायची, शेण पडायचं. ते सगळं थांबलं होतं. शेवटी साधारण दहा वर्षांनी ती जाळी काढायचं ठरलं. कुंपण घालायला बक्कळ पैसा गेला आणि ते काढण्यातच शहाणपण निघालं.

पण कासने एक गोष्ट खरोखर चांगली केली, ती म्हणजे बघायला येणाऱ्यांची व्यवस्था. गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे काम दिलं. दिवसाला तीन हजार माणसं ही मर्यादा ठरली, आधी ऑनलाइन नोंदणी ठेवली, प्रवेश शुल्क लावलं, गाड्या लांब थांबवल्या. गावातलीच पोरं वाटाड्ये आणि राखणदार झाली. सुट्टीच्या दिवशी आजही गर्दी होते, भांडणं होतात. तरी तत्त्व योग्य आहे. बघणाऱ्यांची संख्या मोजायची आणि शुल्काचा पैसा राखणाऱ्याच्या हातात द्यायचा.

४) मग बंदी वाईटच का?

नाही. ही दुसरी बाजू सांगितली नाही तर पोस्ट खोटी होईल. रान खरडून खाल्लं असेल, माती वाहून गेली असेल, तर त्याला विश्रांती द्यावीच लागते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. समतल चर खोदले, पाणी मुरवलं. डोंगरावर गवत आलं. पण ते गवत तसंच उभं वाळू दिलं नाही. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, विळ्याने कापून घरी न्यायचं, असा नियम केला. म्हणजे वापर थांबला नाही, वापराची पद्धत बदलली. आणि नियम ग्रामसभेने केला. वरून कुणी जाळी आणून ठोकली नाही.

आपल्याच आर्वी तालुक्यातलं काकडदरा आठवा. डोंगरातलं छोटं आदिवासी गाव. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं, गावकऱ्यांच्या श्रमदानावर. तिथेही बाहेरून फक्त शिकवण आली. घाम गावाचा होता.

या सगळ्याचा हिशोब एका ओळीत : दमलेल्या रानाला आधी विश्रांती, आणि रान उठल्यावर मोजून वापर. कायमची मोकळी चराई रान मारते. कायमचं कुलूपही मारतं, फक्त जरा सावकाश.

५) आता आपलं खोरं

वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि डोंगर उतरून आपल्याकडे येते. एका काठावर आपण, दुसऱ्या काठावर अमरावती जिल्हा. जिल्ह्याच्या उत्तरेला आष्टी, कारंजा, आर्वी, सेलूकडच्या टेकड्या सातपुड्याच्याच फांद्या. धाम आणि बोर याच टेकड्यांतून निघतात. या उतारांवरची आणि नदीनाल्यांच्या काठची गवताळ रानं म्हणजे आपली डोंगरी कुरणं. पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी ही त्यातली नावं. आजोबांना विचारा, अजून दहा सांगतील.

या गवतावर एक जात तयार झाली, गवळाऊ. पांढरी-राखाडी, अंगाने सडपातळ, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजांचं सामान वेगाने वाहून नेणारे बैल म्हणून या जातीची कीर्ती सांगतात. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा तिचा मुलूख. आपल्याकडे ती सांभाळली मुख्यतः नंदगवळी समाजाने. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. म्हणजे गवत, गाय आणि गवळी हे तिघं एकाच व्यवस्थेचे भाग होते. एक काढला की दुसरे दोन टिकत नाहीत.

ही व्यवस्था कशी मोडत गेली, ते क्रमाने पाहू.

१८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला. त्याचं पहिलं ठाणं आपल्या पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, वर्धा शहर १८६६ चं. हीच अमेरिकेतल्या यादवी युद्धाची वर्षं, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वर्धा खोऱ्यावर पडली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला, रिव्हेट-कारनॅक त्याचं नाव. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वर्धा नदीवर पूल झाला आणि त्या पुलावरून आपल्या गावाला नाव मिळालं. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी नॅरोगेज आली, तीसुद्धा मुख्यतः कापसासाठी.

पुलगाव वाढलं ते कापसावर. आणि कापूस वाढला तशी काळ्या मातीतली चराई नांगराखाली गेली. ढोरं सरकत सरकत टेकड्यांवर आणि नाल्याकाठी गेली. तिथे वनखातं आलं. जंगल राखीव झालं, चराईला शुल्क लागलं. इंग्रजी महसुलात ज्या जमिनीवर पीक नाही, ती सगळी 'वेस्ट', म्हणजे पडीक. गावासाठी जे कुरण, ते दप्तरात पडीक. ही नोंद आजही आपल्या डोक्यातून गेलेली नाही.

आपल्याकडे मालगुजारी होती. मालगुजाराच्या मालकीतही गावाला निस्तार हक्क असायचे, म्हणजे जळण, गवत, चराईचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. चांगलंच झालं. पण त्या जमिनी सरकारजमा होताना झुडपांची, चराईची रानं 'झुडपी जंगल' म्हणून नोंदली गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, नोंद तशीच राहिली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत असं झुडपी जंगल सुमारे ८६ हजार हेक्टर आहे.

बोरचं अभयारण्य १९७० मध्ये झालं, २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. वाघ हवाच. पण आसपासच्या गवळ्यांची चराईची जागा आणखी आखडली, हेही तितकंच खरं आहे.

६) मग हे आजच का?

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाचा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे या जमिनी वनजमीनच आहेत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. १९९६ च्या आधी घरं, शाळा, कार्यालयांसाठी दिलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीने नियमित करायचा मार्ग ठेवला. मोकळ्या उरलेल्या छोट्या तुकड्यांना संरक्षित वन करायला सांगितलं. बिल्डर आणि उद्योगांच्या हातात ही रानं सहजी जाणार नाहीत, हा या निकालाचा मोठा फायदा आहे. त्याचं स्वागत.

काळजी पुढची आहे. 'वन' असा शिक्का बसला की आपल्या यंत्रणेला एकच काम सुचतं. खड्डे खोदा, रोपं लावा, तारेचं कुंपण घाला, पाटी लावा. पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन वापरायला न्यायालयाने अटी घातल्यात. बिगर-वनजमीन उपलब्धच नाही, असं मुख्य सचिवांनी प्रमाणपत्र द्यायचं, आणि तेव्हाही दुप्पट क्षेत्र. अटी आहेत, पण दार पूर्ण बंद नाही. पवन्या-मारवेलच्या रानात ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावली, तर कागदावर जंगल वाढेल आणि जमिनीवर गवत जाईल. गवतासोबत ससा, लांडगा, तणमोर जाईल. उरलेली गवळाऊ जाईल.

उलटं काम करून दाखवणारी माणसंही विदर्भातच आहेत. अकोला-वाशिम पट्ट्यात फासेपारधी समाजाने 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने गवताळ रानं राखायचं काम हाती घेतलंय. ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं, वनखात्याने शिकारी म्हणून हाकललं, तोच समाज आज तणमोराची राखण करतो. कोणतं गवत कुठे येतं, कोणता पक्षी कुठे अंडी घालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

७) काय करता येईल?

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात सामूहिक चराईचा हक्क आहे, आणि जे वन गाव परंपरेने राखत आलं त्याच्या व्यवस्थापनाचा हक्कही आहे. ग्रामसभेने दावा करायचा असतो. तो मिळाला की कुरणाचा आराखडा गावाने करायचा. रानाचे भाग पाडायचे, एका भागाला आलटून पालटून विश्रांती द्यायची. बी पडल्यावरच गवत कापायचं. आग लागू नये म्हणून पट्टे काढायचे. नाल्याच्या काठाला ढोरं पाण्यावर नेण्याची एकच वाट ठेवायची, म्हणजे सगळा काठ तुडवला जात नाही. आपल्या ढोरक्यांना हे नवीन नाही. सकाळी आखरावर ढोरं गोळा करून आज कोणत्या अंगाला न्यायची, हे तो ठरवायचाच.

आणि बघायला जाणं? जरूर जावं. श्रावणात आर्वी-कारंजाच्या टेकड्या कासपेक्षा वेगळ्या आहेत, कमी नाहीत. फक्त चार गोष्टी पाळाव्यात. गाडी पांदणीच्या तोंडाशी ठेवा. वाटाड्या गावातला घ्या, गवळी मिळाला तर उत्तम, आणि त्याला त्याचे पैसे द्या. मळलेल्या वाटेने चाला. फोटो टाकताना पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा लिहू नका. रील व्हायरल झाली की पुढच्या रविवारी तिथे पाचशे मोटारसायकली येतात, हे कासने आपल्याला शिकवलंय. मोफत शिकवलंय, तर शिकून घेऊ.

कुरण म्हणजे पडीक जमीन, ही १८६० च्या दशकातली महसुली नोंद आहे. ती इंग्रजांनी केली, आपण जपली. येत्या काही महिन्यांत तालुक्या-तालुक्यात झुडपी जमिनींच्या याद्यांवर काम चालेल. आपल्या गावाचा कोणता सर्वे नंबर त्यात आहे, तिथे आज गवत आहे की काय, कुणाची ढोरं चरतात, हे ग्रामसभेत विचारा आणि ठरावात लिहून घ्या. "इथे झाडं नकोत, इथे कुरण आहे" असा ठराव आधी असेल, तर खड्डे खोदणारं यंत्र दारात आल्यावर हातात काहीतरी कागद असेल.

तुमच्या गावच्या गायरानाचं, आखराचं नाव कमेंटमध्ये लिहा. तिथे येणाऱ्या गवतांची नावं माहीत असतील तर तीही. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. ती नावं सांगणारी पिढी आता फार काळ नाही.